टाके घातले, पण पाहिले कोणी?

बाळंतपण दवाखान्यात झाले की बाई सुटली, असा समज २००५ साली जननी सुरक्षा योजना आल्यापासून रूढ झाला आहे. बाई दवाखान्यात आली हे चांगलेच झाले. पण बाळ बाहेर आल्यावर तिच्या अंगाकडे कोण पाहते, हा आमचा सवाल आहे.

बाळंतपणात कधी कधी गुदद्वार आवळून धरणारा स्नायूही फाटतो. पहिलटकरीण असेल, बाळ मोठे असेल, चिमटा लावावा लागला असेल, तर धोका अधिक. वरच्या कातडीला टाके पडले की सारे झाकले जाते. आतला स्नायू तुटकाच राहतो. मग त्या बाईला वारा आवरत नाही, शौच आवरत नाही. घनसावंगी-मंठ्याकडची बाई असेल, तर दिवाळीनंतर कोयत्यावर जाते आणि उसाची मोळी डोक्यावर घेताना लुगडे भरते. सांगणार कुणाला? नवऱ्यालाही सांगत नाही.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. टाके घालण्यापूर्वी, बाईला विचारून, चांगल्या उजेडात जखम पाहायची. गुदद्वारात बोट घालून, वरून अंगठा ठेवून स्नायू चाचपायचा. दोन-चार मिनिटांचे काम. फाटलेला सापडला तर भूल देऊन, ऑपरेशन थिएटरात, जाणत्या हाताने शिवायचा. ही उपकेंद्रात शिवण्याची जखमच नव्हे.

पूर्वी गावोगावी मातंग, महार समाजाच्या सुईणी बाळंतपणे करीत. बाळंतीण बिघडली की खापर त्यांच्या अडाणीपणावर, म्हणजे जातीवर फुटे. आता सुईण गेली, हातात मोजे आले. न पाहिलेल्या जखमेचे खापर आता कुणाच्या माथी?

कामकरी बाईला बाळंतपणात विसावा मिळावा, म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले होते. उसाच्या फडात तो विसावा अजून पोहोचलेला नाही. निदान तपासणी तरी पोहोचावी.

२०२४ साली जालन्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथे ही तपासणी विद्यार्थ्यांना शिकवाच, भोकरदन-परतूरच्या सिस्टरांनाही बोलावून शिकवा. आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते. तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या या आपल्याच बहिणी. त्यांच्या कागदावर आणखी एक प्रश्न छापा : बाई, शी-वारा धरवतो का?