शब्दलोप आणि भावलोप

यंत्रामुळे माणूस भावनाशून्य होतो, हे विधान मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की त्याची तपासणी सहसा होत नाही. जाँ-ल्यूक गोदार यांचा ‘आल्फाव्हिल’ (१९६५) हा चित्रपट या दृष्टीने उपयुक्त ठरावा. भविष्यातील नगर दाखविण्यासाठी गोदार यांनी देखावे उभारले नाहीत. तत्कालीन पॅरिसच काळोखात चित्रित केले. ‘आल्फा ६०’ हा संगणक या नगरावर राज्य करतो. पत्नीच्या मृत्यूनंतर रडलेल्या पुरुषास तेथे देहदंड होतो. परंतु संगणकाचे खरे शस्त्र शब्दकोश हे आहे. कोशातून शब्द वगळले जातात आणि त्यांच्यासवे ते भावही लोपतात. ‘का’ असे विचारण्यास तेथे मनाई आहे. देहसुख मात्र निषिद्ध नाही.

भोग आहे, प्रेम नाही, ही अवस्था सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकर यांच्या वाचकास अपरिचित नाही. ‘ययाति’मधील (१९५९) निदान नैतिक आहे: वासना अनावर झाली म्हणून माणूस रिता झाला, यावर उपाय संयमाचा. आल्फाव्हिलचा नागरिक मात्र बेताल नाही, कमालीचा शिस्तबद्ध आहे. संयमाचा उपदेश त्याच्या कामी येणार नाही, कारण त्याने गमावली आहे ती भाषा.

येथे बा. सी. मर्ढेकर अधिक जवळचे वाटतात. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे त्यांचे मूळ गाव. ‘काही कविता’तील (१९४७) आशय वैफल्याचा आहे, हे खरेच. परंतु यंत्रयुगाची परिभाषा संतांच्या अभंग-ओवीच्या लयीत आणणे, ही कृती वैफल्याची नव्हे. तिने मराठीची भावक्षमता वाढविली. विजातीय वस्तूंना भावनेच्या आधारे जोडणारी त्यांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पना नेमके तेच सांगते, जे केवळ कार्यकारणाने चालणाऱ्या ‘आल्फा ६०’ला अशक्य आहे. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून कवी निर्दोष सुटले. शब्द वगळण्यासाठी संगणक लागतोच असे नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

तेव्हा यंत्र विरुद्ध भावना ही मांडणी सोडून, शब्दांवर सत्ता कोणाची, हा प्रश्न साताऱ्या-सांगलीच्या महाविद्यालयीन वर्गांतही विचारला गेला पाहिजे. मर्ढेकरांची अवघी कविता ‘यंत्रयुगीन वैफल्य’ या एका शब्दप्रयोगात गुंडाळणारी उत्तरपत्रिका आणि ती लिहावयास शिकविणारे अध्यापन, ही दोन्ही अजाणता त्या संगणकाचेच काम करीत असतात.