गाडी चालली नाही तर, आणि थांबली नाही तर

"देऊन टाक रे ती भंगारात," असं घरातले सगळे म्हणून झाले होते. एकटे बाबा काही बोलत नव्हते. त्यांनी २००६ साली घेतलेली मारुती ८००, तेव्हा मी तिसरीत होतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली, ती उभीच! उंदरांनी वायरी खाल्ल्या, टायर बसले, टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास यायला लागला.

मी म्हटलं, मी करतो. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड दुरुस्त करतोच की, त्यात आणि ह्यात काय फरक? (फरक आहे. पुढे सांगतो.)

नवी बॅटरी टाकली, पेट्रोल बदललं, तरी चावी फिरवली की नुसतं 'टक्'. गॅरेजवाला बघायला आला आणि लांबूनच म्हणाला, स्टार्टर गेला, साडेचार हजार. पण आपला धंदाच असा की लॉग बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बाबांना चावी फिरवायला सांगितली. इथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा. दिसले तीन! म्हणजे बारातले तीन व्होल्ट वाटेतच गळत होते. अर्थची वायर जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे गंज चढला होता. पॉलिश पेपर, वीस मिनिटं, आणि गाडी सुरू. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

इथून माझ्या डोक्यात हवा गेली. ऑइल, तीन प्लग, एअर फिल्टर, कूलंट, सगळं स्वतः केलं. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं, तरी नाना पेठेत पार्ट मिळतात, आणि स्वस्त मिळतात. मग मोर्चा ब्रेककडे वळवला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याने ते कमी तापमानाला उकळायला लागतं आणि घाटात दगा देऊ शकतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. बाबा पेडल दाबत होते, मी चाकापाशी निपल उघडत-मिटत होतो. पण वरच्या डबीतलं ऑइल संपत आलंय, याकडे लक्षच राहिलं नाही. लाइनमध्ये हवा शिरली.

गाडी पार्किंगमधून बाहेर काढली, गेटपाशी ब्रेक दाबला, पेडल थेट तळाला. द्रव दाबला की जोर पुढे पोचतो, हवा नुसती आकसते. हँडब्रेकची केबल वेगळी असते म्हणून वाचलो. गाडी थांबली ती वॉचमनच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. खुर्चीत वॉचमन होता.

त्या रात्री झोप लागली नाही. कोड चुकला तर परत मागच्या व्हर्जनवर जाता येतं. इथे मागचं व्हर्जन नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही. गाडीचं बॉनेट उघडायला आपण घाबरतो, म्हणून कोणी लांबून सांगितलेले साडेचार हजारही मुकाट्याने मोजतो. जुनी वस्तू फेकण्याआधी ती का बिघडली एवढं तरी बघावं. फक्त एक रेघ मी आखून घेतलीये. माझी चूक झाली तर गाडी चालणार नाही, असं काम माझं. चूक झाली तर गाडी थांबणार नाही, असं काम मेकॅनिकचं. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन त्याच्याकडे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच.

टायरवरचे चार आकडेही वाचायला शिका. '१८१५' म्हणजे २०१५ चा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतंच. मी चारही बदलले.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यावी लागते, तीही पाच-पाच वर्षांचीच. पर्यावरण कर भरला, ब्रेक मेकॅनिककडून नीट करून घेतले आणि आरटीओत गाडी दाखवली. पास! हिशोब केला तर सगळा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालाय. तेव्हा पैसे वाचतात म्हणून या फंदात पडू नका.

असो. परवा बाबांनी स्वतः चालवत सिंहगड पायथ्यापर्यंत नेली. परत येताना म्हणाले, "ब्रेक चांगले लागतायत हं." मी काहीच बोललो नाही :)