छपराला पैसे, पोरांना वेळ

अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटींबद्दल आपलं ज्ञान बहुतेक हॉलिवुडच्या कृपेने आलेलं असतं. दारावर ग्रीक अक्षरं लावलेलं मोठं घर, लाल प्लास्टिकचे ग्लास आणि रात्रभर धिंगाणा. मी इथे एम.एस. करायला आलो तेव्हा मलाही एवढंच माहीत होतं. आम्हा देशी पोरांचा त्या घरांशी संबंध म्हणजे शुक्रवारी रात्री लॅबमधून परत येताना कानावर पडणारं म्युझिक! पण आता माझ्या टीममध्ये पन्नाशीचा एक कलीग आहे. तो आपल्या जुन्या चॅप्टरच्या हाउस कॉर्पोरेशनवर काम करतो. लंचला त्याच्याशी गप्पा मारून मारून माझं ह्या विषयावर एक मत तयार झालंय, ते आज मांडतो. पटलं नाही तर भांडायला मोकळे आहात.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रॅटर्निटी ही देशभर पसरलेली संघटना, आणि एकेका कॉलेजातली तिची शाखा म्हणजे चॅप्टर. हा प्रकार चांगलाच जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ साली कप्पा अल्फा सोसायटी निघाली, तिथपासून आजच्यासारख्या फ्रॅटर्निटींची परंपरा मोजतात. ज्या घरात पोरं राहतात ते घर पुष्कळदा कॉलेजचं नसतं. माजी सदस्यांनी काढलेली हाउस कॉर्पोरेशन त्याची मालक असते. म्हणजे छप्पर गळलं, बॉयलर बिघडला, इन्शुरन्स वाढला की फोन जातो तो माजी विद्यार्थ्यांना. गंमत म्हणजे घरासाठी अशी देणगी दिली तर त्यावर सहसा करसवलत मिळत नाही. शिष्यवृत्ती वगैरेसाठी फ्रॅटर्निटीचं वेगळं फाउंडेशन असतं, त्याला दिली तर मिळते. तरीही लोक घरासाठी देतात, कारण त्या घरात त्यांची विशी गेलेली असते.

आता ह्या घरात चांगलं काही घडतच नाही का? घडतं. घरापासून हजार मैलांवर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला जेवायला सोबत मिळते. वीस वर्षांचा पोरगा खजिनदार होतो आणि चाळीस-पन्नास जणांच्या जेवणाचा, भाड्याचा, विजेचा हिशोब ठेवतो. सुट्टीत इंटर्नशिप मिळवून देणारा कुणीतरी आधीच्या बॅचचा सदस्य असतो. आपल्याकडे गणपती मंडळात काम केलेल्या पोरांना वर्गणी, मांडव, पोलीस परवानगी सगळं अंगावर पडून येतं, तसंच काहीसं. एकटेपणावर ह्यापेक्षा बरा उपाय कॉलेजांनाही फारसा सापडलेला नाही. म्हणून ‘सगळ्या फ्रॅटर्निटी बंद करा’ ह्या मताचा मी नाही.

पण ह्या रचनेत एक मोठी गोची आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ती लगेच कळेल. चॅप्टरचा अध्यक्ष बहुतेक ठिकाणी दरवर्षी बदलतो आणि चार वर्षांत अख्खी टीम बदलते. डॉक्युमेंटेशन शून्य! अशा ठिकाणी ‘आपल्याकडे हे असंच चालतं’ हे सांगणारा जो कुणी असेल, तोच खरा मालक. चार वर्षांपेक्षा लांबची आठवण असते ती फक्त माजी सदस्यांकडे. म्हणून मला वाटतं, चॅप्टरला त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पैसा नव्हे, आठवण. आणि कुठली आठवण ते परत घेऊन येतात ह्यावर पोरांचं बरंवाईट ठरतं.

२०१७ ची पेन स्टेट विद्यापीठातली घटना बघा. तिथल्या बीटा थीटा पाय चॅप्टरच्या घरावर एका श्रीमंत माजी सदस्याने लाखो डॉलर खर्च करून ते नव्यासारखं केलं होतं. घरात कॅमेरे होते. कागदोपत्री तिथे दारूला बंदी होती. एक सज्ञान सल्लागार त्याच घरात राहत होता. एवढं सगळं असताना २ फेब्रुवारीच्या रात्री नव्या सदस्यांना भराभर दारू पाजली गेली. त्यातला टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तळघराच्या जिन्यावरून पडला. जवळपास बारा तास कुणी अँब्युलन्स बोलावली नाही. ४ फेब्रुवारीला तो गेला. कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. ते नंतर पुरावा म्हणून उपयोगी पडलं, त्या रात्री त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणजे पैसे होते, नियम होते, उपकरणं होती. नव्हतं ते काय? ‘गाढवांनो, आत्ताच्या आत्ता ९११ ला फोन करा, चॅप्टरचं काय व्हायचं ते होऊ दे’ असं म्हणणारं आणि ज्याचं पोरं ऐकतील असं माणूस नव्हतं.

पोरं फोन का करत नाहीत? दुष्टपणापेक्षा भीती जास्त असते. अमेरिकेत दारूचं कायदेशीर वय २१. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं त्याच्या खालची. फोन केला तर पोलीस येतील, चॅप्टर बंद होईल, मग आधीच्या पिढ्या काय म्हणतील? हा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आधीच्या पिढ्या म्हणजेच ते देणगीदार. त्यांनी स्वतःहून, स्पष्टपणे, दरवर्षी येऊन सांगितलं पाहिजे की चॅप्टर बंद पडला तरी चालेल, पोरगा मरता कामा नये. याउलट होमकमिंगला येऊन, बिअरचा ग्लास हातात घेऊन, ‘आमच्या वेळी तर याच्या दुप्पट व्हायचं’ असं हसत सांगणारा माजी सदस्य कितीही मोठा चेक देवो, तो त्या पोरांना मारतोच आहे.

कायदे झालेत. पेनसिल्व्हेनियात २०१८ साली पियाझाच्या नावानेच हेझिंगविरोधी कायदा आला. (हेझिंग म्हणजे साधारण आपलं रॅगिंग, फक्त इथे ते सदस्यत्वाची किंमत म्हणून सोसायचं असतं.) फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेनेही २०१८ मध्ये घरांत कडक दारूवर बंदी घालायचं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला आणि हेझिंगचे प्रकार जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक झालं. हे सगळं हवंच. आपल्याकडेही महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला, त्याचा उपयोग झालाच की. पण कायदा बाहेरून येतो. रात्री दोन वाजता घरात कोण असतं? तीच विशीतली पोरं.

माझा कलीग ह्यावर जे करतो ते अगदी कंटाळवाणं आहे. महिन्यातून एकदा दोन तास गाडी चालवून जातो, पोरांबरोबर मीटलोफ खातो, खजिनदाराबरोबर बसून बिलं तपासतो. दर सेमिस्टरला नव्या पोरांना, सीनियर्स नसताना, वेगळं भेटतो आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर देतो. त्याच्या नावाची पाटी त्या घरात कुठेही नाही. जिमला नाव लागलेला त्याचा बॅचमेट पाच वर्षांतून एकदा येतो, आणि त्याचे फोटो मात्र न्यूजलेटरमध्ये छापून येतात! आता पाच वर्षांतून एकदा दिसणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता कुठला पोरगा फोन करणार?

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? एक म्हणजे हल्ली आपल्याकडची मुलं बारावीनंतरच इकडे यायला लागली आहेत. तुमचा धाकटा भाऊ किंवा भाची आली, आणि एखाद्या चॅप्टरकडून बोलावणं आलं, तर घर किती भारी आहे ते विचारू नका. तिथे महिन्याला कोण मोठं माणूस येतं, आणि नवी मुलं त्याला नावाने ओळखतात का, हे विचारायला सांगा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर काय ते समजून जा.

दुसरं म्हणजे आपल्या सगळ्यांचे कॉलेजचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत आणि त्यावर वर्षातून एकदा वर्गणी निघते. द्या की, जरूर द्या. पण हॉस्टेलच्या मेसमध्ये आजच्या पोरांबरोबर शेवटचं कधी जेवलात? पुण्यात असाल तर हे अंतर एका रिक्षाचं आहे.