डबा उघडता आला पाहिजे

जून उजाडला की भांड्यांच्या आणि दप्तरांच्या दुकानांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. तीन-साडेतीन वर्षांचे मूल, त्याचे आई-वडील, बहुधा एखादी आजी आणि समोर फळीवर मांडलेले पाच-पन्नास डबे. मूल जाळी फेकणाऱ्या परदेशी वीराचे चित्र असलेल्या डब्याकडे बोट दाखवते, आई कप्पे मोजते, वडील किंमत पाहतात आणि आजी 'स्टीलचा घ्या' एवढेच म्हणून गप्प राहते. मुलाच्या हाती डबा देऊन 'हा उघडून दाखव बरं' असे सांगणे मात्र यांच्यापैकी क्वचितच कोणाला सुचते.

वास्तविक निवडीची पहिली कसोटी तीच असायला हवी. शिशुवर्गात तीस-चाळीस मुले, एक ताई आणि एक मावशी असा संसार असतो. मधली सुट्टी जेमतेम वीस मिनिटांची. घट्ट झाकणांचे आणि चार-चार खिट्ट्यांचे डबे घेऊन मावशींपुढे रांग लागते. ज्याचा डबा शेवटी उघडतो, त्याचे दोन घास होतात न होतात तोच घंटा होते. लाजरे मूल तर रांगेतही उभे राहत नाही. बंद डबा पुढ्यात घेऊन इतरांचे खाणे पाहत बसते. दुपारी डबा भरलेला घरी येतो आणि 'आमचा मुलगा शाळेत काही खात नाही' असा निष्कर्ष काढून पालक मोकळे होतात. मग पदार्थ बदलले जातात, टॉनिके सुरू होतात. झाकणाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात या देशाला हा विचार नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या आणि हेच कार्य त्यांनी पुढे बोर्डी-कोसबाडच्या वनवासी मुलांपर्यंत नेले. मारिया मॉंटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि अनेक वर्षे राहिल्या. या परंपरेत गुंडी लावणे, पाणी ओतणे, डबी उघडणे-झाकणे ही अक्षरओळखीच्या आधीची खरी शिकवणी मानली गेली. बोटांना वळण लागले की लेखणी आपोआप स्थिरावते. स्वतःचा डबा स्वतः उघडणारे, खाऊन झाल्यावर झाकण लावून पिशवीत ठेवणारे मूल स्वावलंबनाचा धडा रोज गिरवीत असते. उलट मुलाचे प्रत्येक झाकण दुसऱ्याने उघडायचे, ही सवय एकदा लागली की ती पुढे कुठवर जाते, हे मोठ्या मुलांची दप्तरे भरून देणाऱ्या आयांना वेगळे सांगायला नको.

म्हणून या वयासाठी डबा पसरट, उथळ आणि लहान असावा. तळ दिसला की आपण किती खाल्ले आणि किती उरले, हे मुलाला कळते. एक पोळी आणि थोडी भाजी, किंवा वाटीभर उपमा मावला म्हणजे पुरे. मोठा डबा भरायचा, उरले म्हणून रागवायचे आणि जेवणाचीच धास्ती बसवायची, हा उपद्व्याप व्यर्थ आहे. झाकण दोन बाजूंच्या सैल खिट्ट्यांचे किंवा अंगठ्याने उचलता येईल असे हलके दाबाचे असावे. आट्यांचे झाकण मोठ्यांना सोपे वाटते. पण गरम अन्न भरून ते लावले की आतली वाफ निवते आणि झाकण असे काही घट्ट बसते की मावशींनाही पदराचा आधार घ्यावा लागतो. तीन कप्प्यांचा कडीचा डबा मुंबईच्या डबेवाल्यांनी जगप्रसिद्ध केला, त्याचा अभिमान जरूर बाळगावा; परंतु तो कचेरीतल्या माणसाचा डबा आहे, शिशुवर्गाचा नव्हे.

आता धातूचा आणि प्लास्टिकचा प्रश्न. प्लास्टिकवर 'बीपीएमुक्त' असा शिक्का पाहून पालक निर्धास्त होतात. बीपीए हे रसायन प्रामुख्याने पॉलिकार्बोनेट या काचेसारख्या पारदर्शक, टणक प्लास्टिकात वापरले जाते. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी ते वर्ज्य ठरवले. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या इतर वस्तूंतूनही ते हटवण्याचा नियम केला. परंतु खाऊचे बहुतेक डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो, आणि त्यात बीपीए मुळात वापरतच नाहीत. त्यावर असा शिक्का मारणे म्हणजे दुधाच्या पिशवीवर 'यात कांदा नाही' असे छापण्यासारखे आहे. खरी अडचण वेगळी आहे. गरम, तेलकट पदार्थांनी आणि घासणीच्या चऱ्यांनी हे प्लास्टिक झिजते, हळदीचा डाग आणि वास त्यात मुरतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर त्यातून सूक्ष्म कण अन्नात उतरतात, हे अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याची एक खिट्टी तुटलेली असते. पुन्हा पुन्हा वापरण्याचा म्हणून घेतलेला डबा वर्षाच्या आत कचऱ्यात जातो, पुढच्या जूनमध्ये नव्या चित्राचा नवा डबा येतो. बाजाराला हेच हवे असते.

प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात संघाच्या पर्यावरण गतिविधीने 'एक थाळी, एक थैला' हे अभियान राबवले. देशभरातील घराघरांतून स्टीलच्या थाळ्या आणि कापडी पिशव्या गोळा होऊन संगमावर पोहोचल्या आणि पत्रावळीच्या नावाखाली येणाऱ्या थर्माकोल-प्लास्टिकला तेवढा आळा बसला. थाळी दान करणाऱ्या त्याच घरातले मूल रोज सकाळी प्लास्टिकचा डबा घेऊन शाळेत जात असेल, तर त्या संकल्पाचा उरलेला अर्धा भाग अजून स्वयंपाकघराच्या फळीवर पडून आहे, असेच म्हणावे लागेल.

इथे दुसऱ्या टोकाचाही इशारा द्यायला हवा. परंपरेच्या प्रेमापोटी काही मंडळी मुलांना पितळेचा डबा आणि तांब्याची बाटली देऊ लागली आहेत. ज्या आज्यांची ही परंपरा, त्यांना ताक, चिंच, लोणचे कल्हई उडालेल्या पितळेत कळकते हे पक्के ठाऊक होते. त्यासाठी कल्हईवाला वर्षातून दोनदा दारी येत असे. आज कल्हईवाला नाही, आणि तांब्याच्या बाटलीत आई लिंबूसरबत भरते. स्टील आले तेव्हा त्याच आज्यांनी ते आनंदाने घरात घेतले. परंपरा म्हणजे जुना धातू नव्हे, भांडे पारखण्याची दृष्टी. अॅल्युमिनियमच्या डब्यालाही आंबट पदार्थ चालत नाहीत, आणि काच तर या वयाला नकोच.

स्टील घेतानाही डोळे उघडे हवेत. लोहचुंबक चिकटला नाही की स्टील उत्तम, ही समजूत दुकानदारही पसरवतात. अन्नासाठी चांगल्या मानल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०१, २०२ या स्वस्त प्रतींनाही लोहचुंबक चिकटत नाही, पण मीठ-आंबट त्यांना तितके सोसत नाही. तेव्हा लोहचुंबकापेक्षा आयएसआय चिन्ह पाहावे. भांड्यांवर ते बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. बाहेर प्लास्टिक आणि आत स्टील असे दुहेरी डबे टाळलेले बरे, कारण दोहोंच्या फटीत पाणी शिरते आणि आठवड्यात वास येऊ लागतो. झाकणातली रबराची कडी निघणारी असावी. ती काढून धुतली नाही तर तिथे काळी बुरशी धरते. अन्न गरम ठेवणारे महागडे डबेही सकाळी आठला भरून दहाला खाणाऱ्या मुलाला लागत नाहीत. शिजलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि शिशुवर्गाचे गणित त्यात बसते. मात्र पोळी वाफ जिरल्यावरच भरावी आणि पावसाळी दमट हवेत ओल्या खोबऱ्याची चटणी घरीच ठेवावी.

एक गोष्ट शाळांनीही मनावर घ्यायला हवी. गणवेश असतो तो श्रीमंत-गरीब हा भेद वर्गाच्या दाराबाहेर राहावा म्हणून. मधल्या सुट्टीत तो भेद डब्याच्या रूपाने पुन्हा आत येतो. एकाचा हजार रुपयांचा विलायती कप्प्यांचा डबा, दुसऱ्याचा आइस्क्रीमचा रिकामा पुडा. तीन वर्षांच्या मुलालाही हे दिसते आणि पहिल्याच महिन्यात कळूही लागते. साधा, एका मापाचा स्टीलचा डबा सर्वांना असावा, असे शाळेने सुचवले आणि ज्याला परवडत नाही त्याला पालक संघाने गाजावाजा न करता तो दिला, तर जेवणाआधीचा श्लोक एकत्र म्हणण्याला अर्थ येतो. समरसतेवरची भाषणे पुष्कळ झाली. पंगत मात्र रोज दहा वाजता बसते.

स्टीलच्या डब्यांवर एक आक्षेप उरतो. सगळे सारखे दिसतात, मग मुलाला आपला कसा ओळखू यावा? भांड्यांच्या दुकानात नाव घालून देण्याची आपली जुनी पद्धत आहे. डब्यावर आणि झाकणावर, दोन्हीकडे नाव घालून घ्यावे, कारण हरवते ते झाकणच. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी नावाशेजारी एक खूण कोरून मागावी. चित्राच्या डब्यासाठी हटून बसलेल्या मुलालाच ती निवडू द्यावी. पान, मासा, चांदणी, काहीही चालेल. कोरणाऱ्याला त्यासाठी दोन मिनिटेही लागत नाहीत.