घर आणि कायदा : परसातील तलाव आणि विम्याचा कागद

आपल्यापैकी पुष्कळांचे लेकी-जावई, मुलगे-सुना आज कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत. तेथे घर घेतले की परसात पोहण्याचा तलाव बांधण्याचा बेत हमखास निघतो. मग फरशीचा रंग, पाण्यातील दिवे यांविषयी आठवडेच्या आठवडे खल चालतो. बांधणाऱ्याचे कागद मात्र सहसा कोणी मागत नाही. मागितलेच, तर परवाना पाहून समाधान मानले जाते. वस्तुतः परवाना निराळा आणि विमा निराळा. या दोहोंची गल्लत झाली, तर तिचा भुर्दंड घरमालकावर पडू शकतो.

परवान्याची व्यवस्था त्या राज्याने चोख ठेवली आहे. ठेकेदारांना परवाने देणाऱ्या तेथील मंडळाचा आरंभ १९२९ सालचा. तलाव बांधणाऱ्यांसाठी ‘सी-५३’ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यासाठी या कामाचा किमान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो व सामान्यतः कायद्याची आणि धंद्याची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय २०२३ पासून २५,००० डॉलरचा जामीनरोखा आवश्यक झाला आहे. रक्कम मोठी वाटते खरी. पण हा रोखा म्हणजे विमा नव्हे. सर्व दावेदारांना मिळून तो एकच असतो, आणि जखमी मजुराच्या औषधोपचाराशी त्याचा काही संबंध नाही.

मजुरासाठी कामगार-भरपाईचा विमा लागतो. कामावर असताना इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडेही १९२३ च्या कायद्यापासून रुजलेले आहे. खरी मेख पुढेच आहे. पदरी एकही नोकर नसल्याचे लिहून देणाऱ्या सी-५३ ठेकेदाराला या विम्यातून सूट मिळते. ही सूट २०२८ च्या आरंभी संपावयाची आहे.

आता अशी कल्पना करा की, सूट घेतलेला एक गृहस्थ तुमच्या मुलाच्या परसात आठ फूट खोल खड्डा खणावयास आला आणि सोबत तीन मजूर घेऊन आला. मजूर आले त्या क्षणी विमा आवश्यक झाला. तो नसल्यामुळे कायद्याने परवानाही निलंबित झाला. भिंतीवर टांगलेला कागद तसाच राहतो, पण त्यामागचे बळ गेलेले असते. अशा वेळी खड्ड्याची कड ढासळून मजुराचा पाय मोडला, तर परवाना नसलेल्या ठेकेदाराच्या मजुराचा मालक म्हणून कायदा घरमालकाकडेच बोट दाखवू शकतो. बिचाऱ्याला हे वकिलाचे पत्र आल्यावरच कळावयाचे! मजुराचे हाल तर त्याहूनही दारुण, कारण भरपाई कोणी द्यावयाची हा वाद संपेपर्यंत त्याला अंथरुणावर पडून वाट पाहावी लागते.

शेजाऱ्याची भिंत खचली वा नळ फुटला, तर अशा हानीसाठी वेगळा दायित्व-विमा असतो. काही विशिष्ट प्रकारच्या कंपन्या वगळल्यास तो तेथे सक्तीचा नाही. मात्र असा विमा आहे की नाही, हे ठेकेदाराने घरमालकाला लेखी कळवावे लागते. ‘नाही’ असे उत्तर आले, तर दुसरा ठेकेदार पाहावा हे बरे.

म्हणून मुलांना पत्र लिहाल वा फोन कराल तेव्हा एवढे अवश्य सुचवा. परवान्याचा क्रमांक मागून घेऊन तो मंडळाच्या नोंदीत पाहावा; विम्याची स्थिती तेथेच कळते. ‘सूट’ असा शेरा दिसला, तर खणावयास कोण कोण येणार हे स्पष्ट विचारावे. विम्याचा दाखला ठेकेदाराच्या हातून न घेता विमा कंपनीकडून मागवावा व त्यावरील मुदतीची तारीख काम संपेपर्यंत पुरते का, हे पाहावे. आपल्या घराचा विमा अशा अपघाताचा भार किती उचलतो, तेही आधीच विचारून ठेवावे. आणि आगाऊ रकमेची घाई नको : तेथे सामान्यतः १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी जी कमी असेल तीच आगाऊ घेता येते. याहून अधिक मागणाऱ्याला खड्डा खणू देण्यापूर्वीच निरोप द्यावा.