सिझेरियननंतरचे टाके आणि घरचा पहारा
अमेरिकेत २०२३ साली सुमारे ३२ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. १९९६ च्या कायद्यानुसार बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीला सिझेरियननंतरचा ९६ तासांचा मुक्काम नाकारता येत नाही. पण टाक्यांवरचा वरवरचा जंतुसंसर्ग बहुतेकदा त्यानंतर, घरी आल्यावरच दिसतो. म्हणून सीडीसी तो ३० दिवसांपर्यंत मोजते. म्हणजे पहारा घरच्यांचाच! सहा आठवड्यांनी एकच तपासणी पुरेशी नाही, पहिल्या ३ आठवड्यांतच विचारपूस व्हावी, असे प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली सांगितले. बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आईने, सासूबाईंनी टाक्यांवर तेल-हळद लावू नये. लाली, सूज, पू किंवा ताप दिसताच डॉक्टरांना फोन करावा. ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.