पद मिळाले, पण बळाचे काय?

पोलीस भरतीची चाहूल लागली की हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या मैदानांवर पहाटे मुली धावू लागतात. 800 मीटर व 100 मीटर धाव आणि गोळाफेक अशी 50 गुणांची शारीरिक चाचणी त्यांना द्यावयाची असते, आणि तिच्यासाठी शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या मुली महिनोन् महिने अंग कमावतात. ग्रामीण मराठवाड्यातील स्त्रीच्या आयुष्यात शरीरबळाला पद्धतशीर वळण लागण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग, आणि पुष्कळींच्या बाबतीत शेवटचाही. शिपायाच्या पदासाठी शासन स्त्रीचे बळ मोजून घेते. मुख्याध्यापिका, गटविकास अधिकारी, बँकेच्या शाखेची व्यवस्थापक किंवा सरपंच होणाऱ्या स्त्रीच्या बळाचा मात्र कोणी विचारही करीत नाही. जणू वरच्या पदावरचे काम नुसत्या डोक्याने होते!

पदांवरील स्त्रियांची संख्या वाढली आहे, हे निर्विवाद. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने 2011 साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक वर्गांतील कंपन्यांना संचालक मंडळावर निदान एक स्त्री घेणे भाग पाडले. खुद्द हिंगोलीने 2004 साली लोकसभेवर पाठविलेल्या सूर्यकांता पाटील केंद्रात राज्यमंत्री झाल्या. तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द अद्याप भाषेतून गेलेला नाही. खुर्ची एकीची आणि आवाज दुसऱ्याचा, हे चित्र गावोगाव परिचयाचे आहे.

व्यायामाने हे चित्र पालटेल काय? पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचे उत्तर मोठ्या उत्साहाने ‘होय’ असे दिले जाते. उच्चपदस्थ स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रिया पूर्वी खेळाडू होत्या, असे तेथील पाहण्या सांगतात. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थबकावयास हवे. ज्या घरांनी मुलीला खेळू दिले, त्याच घरांनी तिला शिकविलेही असेल. मग श्रेय खेळाचे की घराचे? हा गुंता सोडविण्याचा एक चांगला प्रयत्न बेट्सी स्टीव्हन्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञ स्त्रीने 2010 मध्ये प्रसिद्ध केला. 1972 च्या कायद्याने तेथील शाळांना मुलींसाठी खेळाची दारे उघडावी लागली. त्या सक्तीचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, मुलींचा खेळांतील सहभाग शेकडा 10 ने वाढला, तर त्यांच्यातील महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे शेकडा 1 ने आणि नोकरी-व्यवसायात येणाऱ्यांचे 1 ते 2 ने वाढते. परिणाम लहान आहे, पण खरा आहे. मात्र तो खेळाचा आहे, वजने उचलण्याचा नव्हे; आणि त्यातून नेतृत्व निपजते, असे तर त्यात कोठेच म्हटलेले नाही.

कर्नाम मल्लेश्वरी यांनी 2000 साली सिडनीला भारोत्तोलनात कांस्यपदक मिळविले आणि 2021 मध्ये त्या दिल्लीच्या क्रीडा विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. साताऱ्याकडील मोही गावच्या ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या आणि पुढे महसूल सेवेत अधिकारी झाल्या. ही नावे अभिमानाची खरी; तथापि पदकामुळे पद मिळणे निराळे आणि बळामुळे पद पेलणे निराळे.

पद पेलण्याचा संबंध वयाशी आहे. स्त्रीच्या हाती अधिकार येतो तो बहुधा चाळिशीनंतर. नेमक्या त्याच सुमारास स्नायू झिजू लागतात, आणि पाळी थांबल्यावर हाडे वेगाने विरळ होतात. दिवसभराची बैठक, जीपमधील दौरे, सायंकाळी लांबलेल्या सभा हे सारे याच शरीराने सोसावयाचे असते. पाठ धरली म्हणून सभा आवरती घेणारी बाई दुबळी ठरते. पुरुषाची पाठ धरली तर ‘कामाचा ताण’ म्हणतात! जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला, तो स्त्रियांनाही तितकाच लागू आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की, आमच्या बाया काय कमी ओझी उचलतात? वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीच्या काढणीपासून वाळवणीपर्यंत बायांचे हात राबतात. परंतु कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात भार क्रमाने वाढतो, मध्ये विश्रांती असते, आणि वर पोटभर सकस अन्न असते. कष्टात यांतले काहीच हमखास नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शेकडा 54 स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्या हाती लोखंड देण्याआधी त्यांच्या रक्तात लोह हवे.

खर्चाचे म्हणाल तर वजनांना फार पैसे लागत नाहीत; महाग असतो तो वेळ. 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 97. अधिकारी झाली म्हणून स्त्रीची चूल सुटत नाही, आणि तिने व्यायामाला दिलेल्या अर्ध्या तासाची किंमत घरातील कोणीतरी चुकती केल्याखेरीज तो तिला मिळत नाही.

घराबाहेरची अडचण त्या मानाने सोपी. महाविद्यालयांच्या व्यायामशाळा आणि क्रीडा संकुले यांत सायंकाळचा एक तास केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवता येईल. शिकविण्यास बाई कोठून आणावयाची, हा प्रश्न तर हिंगोलीत पडूच नये. दर भरतीत थोड्या गुणांनी हुकलेल्या, गोळा कसा पेलावा हे पुरते जाणणाऱ्या किती तरी मुली घरी परततात. त्यांना थोडे शास्त्रीय शिक्षण आणि मानधन द्यावे. तहसील कचेरीतल्या बाई आणि गावच्या सरपंच बाई त्यांच्याकडून शिकतील.